दूध तापेपर्यंतचा रियाज

किल्लीकाका एका जागी सात मिनिटं बसू शकतात. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. आठव्या मिनिटाला त्यांचा उजवा पाय हलायला लागतो आणि नवव्याला ते उठतात. जेवतानाही उठतात. मीठ आणायला, खिडकी लावायला, आणि ती लावलेलीच असली तर उघडायला.

"आमच्या लग्नात फोटोवाल्यानं अकरा फोटो काढले," काकू सांगतात. "त्यातल्या दहांत माझ्या शेजारी नुसती खुर्ची आहे."

त्यांचं दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली आहे. दोन हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. एका भिंतीवर कोऱ्या किल्ल्या ओळीनं टांगलेल्या, दुसरीपाशी किल्ली कापायचं मशीन, कानशींचा पत्र्याचा डबा आणि एक स्टूल. स्टुलावर गिऱ्हाईक बसतं. काका उभेच. मशीनच्या वर, हात वर केला की पोचेल अशा उंचीवर, एका खिळ्याला व्हायोलिन लटकत असतं. पितळेचा भुगा बसू नये म्हणून त्यावर जुना टॉवेल.

दोन वर्षांपूर्वी मी खोलीची किल्ली खोलीतच विसरून दार ओढून घेतलं. त्यांनी येऊन तीन मिनिटांत दार उघडलं आणि मला जादा किल्ली करून द्यायला दुकानात नेलं. किल्लीचा एक दाता कापून झाला. "थांब हं जरा," म्हणाले, हात पुसले, व्हायोलिन काढलं आणि एक ओळ वाजवली. फक्त एक. तीच चार वेळा. मग व्हायोलिन खिळ्याला आणि पुन्हा मशीन सुरू.

मी शाळेत असताना व्हायोलिन शिकत होते, असं मी सांगितलं. सांगायला नको होतं.

"मग रविवारी ये," ते म्हणाले. "आमच्या वाद्यवृंदात शेवटच्या रांगेत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. तिथे कुणी टिकत नाही."

"का?"

"मी सारखा उठतो ना. त्यांच्या कागदांना वारा लागतो."

मी टिकले. नुकतीच साहित्यातली पदवी घेतली होती, नोकरी नव्हती, रविवार मोकळे होते. वाद्यवृंद म्हणजे एका शाळेच्या सभागृहात जमणारी चौतीस माणसं. शिंपी, परिचारिका, बसचालक, दोन दंतवैद्य सख्खे भाऊ जे एकमेकांशी बोलत नाहीत. सगळ्यांना वाजवून घेणाऱ्या बाई गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात. तालमीत दोन तुकड्यांच्या मधे काका उठून खिडक्या उघडायचे, खुर्च्या सारख्या करायचे. पण एकदा वादन सुरू झालं की बसायचे. चौतीस जण एकदम वाजवत असले की आठवं मिनिट कधी येऊन जातं ते त्यांना कळत नाही. असं दुसरीकडे कुठेच होत नाही, हे ते मला दहादा तरी सांगून झाले असतील. दर वेळी आवाज थोडा खाली यायचा. त्या खुर्चीखेरीज त्यांना आयुष्याकडून दुसरं काही नको होतं.

ही खुर्ची गेल्या वर्षी जायची वेळ आली.

वार्षिक कार्यक्रम तीन महिन्यांवर होता. बाईंनी नवी रचना निवडली. आमच्या वाट्याला एक पान, त्यावर चौदा ओळी. बाई म्हणाल्या, "स्टेजवर तीस खुर्च्या मावतात. आपण चौतीस आहोत. मला वजाबाकी येते."

त्यांनी एक कोरी वही उंच धरली.

"रोज एक तास रियाज. सलग. वहीत लिहायचं, घरातल्या कुणाची तरी सही घ्यायची. अडीच महिन्यांनी मी एकेकाचं वेगळं ऐकेन. वही आणि वादन, दोन्ही बघून ठरवेन."

काकांनी हात वर केला. साठीचा माणूस, शाळकरी मुलासारखा. "बाई, तुकड्यातुकड्यानं तास भरला तर चालेल का?"

"तुकड्यातुकड्यानं झोपून बघा, विश्रांती मिळते का."

सगळे हसले. काकाही हसले. परतताना मात्र ते फुटपाथवर माझ्या पुढे वीस पावलं चालत राहिले. ते कधी माझ्या पुढे चालत नाहीत. माझ्या भोवती चालतात.

मग एका बसथांब्यापाशी थांबून त्यांनी मला वडिलांची वही सांगितली.

वडिलांना घरात अण्णा म्हणत. पाणीपुरवठा खात्यात ते नकाशे काढायचे. संध्याकाळी घरी आले की हात धुवायचे, सरळ पाठीच्या खुर्चीत बसायचे आणि दोन तास व्हायोलिन वाजवायचे. मान हलायची नाही. टेबलावर पट्टीनं आखलेली वही असायची. घरातल्या चौघांचे चार रकाने. अण्णांच्या रकान्यात रोज दोन तास. आक्काच्या, म्हणजे मोठ्या बहिणीच्या रकान्यात एक तास. काकांच्या रकान्यात बारा मिनिटं, नऊ मिनिटं आणि पुढे एक शब्द: उठला. पानंच्या पानं. उठला, उठला, उठला.

आईचा रकाना कोरा. आई कधी खुर्चीत बसलीच नाही. तरी चार पाहुणे आले की अण्णा तिला वाजवायला सांगायचे. ती पदराला हात पुसून यायची, आणि नवीन काहीतरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वच्छ वाजवून पुन्हा आत जायची. पाहुणे थक्क. अण्णा फुलून जायचे. म्हणायचे, "आमच्या हिला रियाज लागत नाही. देणगी आहे ती."

"आणि मला काय म्हणायचे माहितेय?" काका मला म्हणाले. "तुझ्याकडे हिची देणगी नाही आणि माझी बैठक नाही. मग उरतं काय?"

बस आली. आम्ही चढलो नाही. ती गेली.

"मारलं नाही कधी. ओरडलेही नाहीत. खरंच विचारायचे, उत्तर मिळेल म्हणून. सोळाव्या वर्षी मी वाद्य सोडलं आणि कुलपं शिकलो. कुलपाला बैठक लागत नाही. आई गेल्यावर तिचं व्हायोलिन माझ्याकडे आलं, तोवर माझी बावन्न वर्षं झालेली. दुकानात आणून टांगलं. अण्णा असते तर म्हणाले असते, खिळ्याला वाद्य टांगतोस? पेटीत ठेव! पण पेटी उघडायची, गज काढायचा, बसायचं, एवढं होईतो माझा जीव उडून जातो गं."

दुसऱ्या दिवशी खिळा रिकामा होता. व्हायोलिन पेटीत घालून घरी नेलं होतं. तासभर बसायचं तर घरीच बसायचं, रीतसर. दुकानातलं ते काही खरं नव्हे.

पुढचा महिना काकूंनी पाहिला आणि मला सांगितला. पहिला आठवडा सरासरी अकरा मिनिटं. दुसऱ्यात काकूंनी दाराला बाहेरून कडी लावली. कडी लावून कुलूपवाल्याला कोंडायचं, म्हणजे मासळीला पोहायची शिक्षा. दोन मिनिटांत ते बाहेर. मग काकूंनी त्यांच्या पायांवर मांजर बसवलं.

"मांजर बसलं ना," काकू म्हणाल्या. "तासभर बसलं. हेच उठले."

"मग सही?"

"मी खोटी सही करणार नाही. शाळेत प्रगतिपुस्तकावर नाही केली, आता म्हातारपणी करू?"

चौथ्या आठवड्यात काका खरंच तासभर बसले. दात आवळून. सलग सहा दिवस. काकूंनी सहा सह्या केल्या. रविवारी ते माझ्या शेजारी वाजवायला लागले आणि मला कळेना हे कोण वाजवतंय. आवाज कानशीसारखा. दुकानात येता-जाता बसवलेल्या ओळीसुद्धा हातातून गेलेल्या. बाईंनी वादन थांबवलं, शेवटच्या रांगेकडे पाहिलं आणि सगळ्यांना पुन्हा सुरुवातीपासून घ्यायला लावलं.

"पुस्तकवाली," काका बाहेर आल्यावर मला म्हणाले. मला ते पुस्तकवाली म्हणतात. "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आईचं वाद्य आक्काला देऊन टाकतो. तू चल बरोबर. एकटा गेलो तर मी रडेन, आणि आक्का हसेल."

आक्का तळमजल्यावर राहतात, त्यांच्या आईवडिलांच्याच घरात. पासष्टीच्या. आम्ही गेलो तेव्हा खिडकीपाशी विणत बसल्या होत्या. आम्ही दारातून आत येऊन, पाणी पिऊन, पेटी टेबलावर ठेवेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. ओळ पुरी झाल्यावर केली.

"आलास, भिंगरी? हे काय आणलंस?"

"आईचं व्हायोलिन. तू ठेव."

"मी काय करू त्याचं? लोणचं घालू?"

काकांनी सगळं सांगितलं. खोलीत फेऱ्या मारत. बाई, वजाबाकी, वही, मांजर. शेवटी म्हणाले, "अण्णा बरोबर होते. माझ्यात आईची देणगी नाही आणि अण्णांची बैठक नाही."

आक्का हसायला लागल्या. काका म्हणाले होते तशाच.

"आईची कसली रे देणगी? दिवसभर कोकलायचं ते व्हायोलिन स्वयंपाकघरात."

काका थांबले. मी त्यांना इतकं स्थिर उभं राहिलेलं तोवर पाहिलं नव्हतं.

"कधी?"

"कधी म्हणजे? तू शाळेत, अण्णा ऑफिसात. माझी शाळा दुपारची, मी सकाळी घरीच असायची. दूध तापत ठेवायची आणि ते वर येईस्तोवर एक ओळ वाजवायची. दूध आलं की गॅस बंद, व्हायोलिन खिळ्याला. भाजी चिरायची. भाजी टाकली की परत तीच ओळ. कधी एका ओळीत तीन-तीन दिवस अडकायची. माझे कान किटायचे. मी म्हणायची, आई, पुढचं वाजव ना गं! तर म्हणायची, हे दार उघडल्याशिवाय पुढची खोली कशी दिसेल?"

"कुठल्या खिळ्याला?"

"स्वयंपाकघराच्या दारामागच्या. अजून आहे तो. मी फडकं लावते."

काका आत गेले. दार ओढल्याचा आवाज आला. बाहेर आले ते आक्कांसमोर उकिडवे बसले.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? आणि सांगायचं काय? त्याला मीसुद्धा रियाज म्हणत नव्हते. मला वाटायचं आईला चाळा आहे. कुणी गुणगुणतं, ही वाजवते. रियाज म्हणजे अण्णा करायचे तो. खुर्चीतला."

"मग अण्णा आल्यावर?"

"तुम्ही दोघं यायच्या आत वाद्य पुसून पेटीत. पेटी समोरच्या खोलीत. अण्णांच्या लेखी ते दिवसभर तिथेच."

"पण आईनं त्यांना तरी सांगायचं! आपला रकाना कोरा ठेवला इतकी वर्षं!"

आक्कांनी सुया मांडीवर ठेवल्या. "मी विचारलं होतं एकदा. तर म्हणाली, आमच्या हिला रियाज लागत नाही असं ते चारचौघांत सांगतात, तेव्हा त्यांचा चेहरा बघितलास का कधी? राहू दे. माझं काय बिघडतंय."

काकांनी पेटी उघडली. व्हायोलिन बाहेर काढलं आणि त्याच्या वळलेल्या डोक्याखाली अंगठा फिरवला. तिथे लाकडात एक बारीक, गुळगुळीत खाच आहे. मलाही ती ठाऊक होती. दुकानात टांगायची दोरी नेमकी त्या खाचेत बसायची.

"मला वाटायचं कारागिरानं काम अर्धवट सोडलंय," ते म्हणाले. "म्हटलं, बरं झालं, टांगायला आयती जागा मिळाली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कुलूप हातात घेतलं की मी सांगतो, घरात डावखुरं कोण आहे. झिजेवरून. आठ वर्षं हे रोज हातात घेतोय आणि ही झीज मला वाचता आली नाही."

ते रडले नाहीत. आक्काच डोळे पुसत होत्या आणि वर चिडत होत्या. "मी अण्णांवर गेले, तू आईवर गेलास, एवढी साधी गोष्ट. खाण तशी माती. ह्यात रडण्यासारखं काय आहे? आणि अण्णांना नावं ठेवू नकोस. तुला बसता येत नाही, त्यांना उठता यायचं नाही. घरात पाणी भरलं होतं त्या वर्षी, आठवतं? पाय पाण्यात सोडून दोन तास पुरे केले त्या माणसानं."

"नाही ठेवत नावं," काका म्हणाले. व्हायोलिनवर हात फिरवत म्हणाले, "सहा वर्षं रोज संध्याकाळी शेजारी खुर्ची घेऊन बसायचे. मी उठायचो. ते तसेच थांबायचे, मी परत येईन म्हणून. कोण बसतं गं कुणासाठी एवढं?"

पेटी आक्कांकडेच राहिली. व्हायोलिन काका फडक्यात गुंडाळून परत घेऊन आले.

बाईंच्या परीक्षेला सहा आठवडे उरले होते. त्यांनी त्या पानाची प्रत काढली, कात्रीनं चौदा पट्ट्या केल्या आणि एक पट्टी मशीनच्या वर, डोळ्यांसमोर अडकवली. एका वेळी एकच. ती बसली की काढायची, दुसरी लावायची. मी रोज दुपारी तिथून जायचे. किल्ली मशीनला लावलेली, गिऱ्हाईक स्टुलावर, काका एक ओळ वाजवतायत. गिऱ्हाइकांची तक्रार नसायची. एका आजोबांनी तर घरातल्या सगळ्या किल्ल्यांच्या जादा किल्ल्या करून घेतल्या.

एकदा स्टुलावर एक डॉक्टर बाई बसल्या होत्या. काकांनी त्यांना आईची गोष्ट सांगितली. आताशा ते सगळ्यांनाच सांगत होते. डॉक्टर बाई म्हणाल्या, "ह्यावर अभ्यास झालेत हो. जुळ्या भावंडांचा वगैरे. नुसती कलाच नाही, रियाज करायची ओढसुद्धा थोडीफार रक्तातून येते म्हणतात. थोडी रक्तातून, थोडी स्वभावातून, थोडी घरातून. नक्की किती कुठून, ते कुणाला वेगळं काढता येत नाही."

"ओढ आली हो," काका म्हणाले. "पण बूड नाही आलं."

"बुडाचा अभ्यास अजून कुणी केलेला नाही," डॉक्टर बाई गंभीरपणे म्हणाल्या.

चौदाही पट्ट्या झाल्या. एकेक ओळ इतकी नितळ वाजायला लागली की मी माझ्या खोलीत रोज दीड तास बसून वाजवते, ह्याची मला लाज वाटली. मग एका दुपारी, ऐकायला फक्त मी, त्यांनी सगळं पान एका दमात वाजवायला घेतलं.

पहिल्या ओळीच्या शेवटी ते थांबले. नकळत. हात व्हायोलिन खाली घ्यायला निघाला होता. दुसरी ओळ उत्तम, शेवटी पुन्हा अडखळले. चौदा ओळी म्हणजे तेरा खड्डे. तीनदा वाजवलं, तीनदा तेच.

"तुकड्यातुकड्यानं झोपून बघा," ते बाईंच्या आवाजात म्हणाले आणि खाली बसले. स्वतःहून. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर. परीक्षेला बारा दिवस होते.

मला काही सुचलं नाही. मी साहित्य शिकले आहे.

उपाय एका चिडलेल्या गिऱ्हाइकानं आणला. तो शिंपी होता, आमच्या वाद्यवृंदातलाच, ढोल वाजवणारा. सकाळी करून नेलेली किल्ली घेऊन परत आला. "कुलपात जाता जाता अडकते. हे काय काम झालं, काका?"

काकांनी किल्ली मूळ किल्लीला लावून उजेडात धरली. "दाते बरोबर आहेत," म्हणाले. "दोन दात्यांमधला उतार राहिलाय. दाता कितीही अचूक कापला तरी..."

ते तिथेच थांबले. किल्ली हातात. शिंपी म्हणाला, "काय झालं?"

काका कात्री शोधत होते.

त्यांनी पानाची नवी प्रत आणवली. ह्या वेळी ओळी कापल्या नाहीत. एका ओळीचा शेवट आणि पुढच्या ओळीची सुरुवात, एवढंच कापून जोडून चिकटवलं. तेरा पट्ट्या. नुसते उतार. ओळीची शेवटची बोटं आणि पुढचीची पहिली, दुसरं काही नाही. किल्लीवर कानस फिरवायची, उतार वाजवायचा. शिंप्याला त्याची किल्ली संध्याकाळी मिळाली, पण त्यानं वाट पाहिली. पहिला उतार बसला तेव्हा तो दुकानात होता. त्यानं स्टुलावर थाप मारली.

परीक्षा शाळेच्या एका वर्गात होती. एकेकाला आत बोलवायचे आणि पुढच्याला मागच्या बाकावर बसवायचे. काकांनंतर माझा नंबर, म्हणून मी आत होते. बाई टेबलाशी. फळ्यावर सकाळच्या वर्गाची बेरीज तशीच.

"वही," बाई म्हणाल्या.

काकांनी वही दिली. बाईंनी पानं उलटली. पहिल्या महिन्यात काकूंच्या सहा सह्या. पुढे सगळं कोरं.

"बाकीचं?"

"बाकीचं दुकानात झालं, बाई. त्याला तास नाहीत."

"तास नाहीत तर मी मोजू काय?"

"मोजू नका. ऐका." मग घाईघाईनं म्हणाले, "उभ्यानं वाजवलं तर चालेल?"

बाईंनी हातानं खूण केली.

ते कसं वाजलं हे मला नीट सांगता येत नाही. तोवर वर्षभर मी त्यांच्या शेजारी बसले होते. मी त्यांचा आवाज ओळखते असं मला वाटत होतं. पहिली ओळ संपत आली तेव्हा मी बाकाची कड धरली होती. ओळ संपली. दुसरी सुरू झाली. मधे काहीच नव्हतं. खड्डा नाही, श्वास नाही, पाणी उतारावरून जावं तसं. तिसरी, चौथी. आठवीत एक सूर थोडा चुकला. मला वाटलं, आता थांबणार, आता तीच ओळ पुन्हा घेणार, चार वेळा. ते थांबले नाहीत. डोळे मिटलेले, उजवा पाय फरशीवर घट्ट. मी घड्याळ पाहिलं नाही. चौदावी ओळ संपली आणि वर्गाबाहेर कुणीतरी बादली सरकवली, तेवढाच आवाज.

बाई वहीकडे बघत होत्या. कोऱ्या पानांकडे.

"माझ्या वर्गात अशी मुलं असायची," शेवटी त्या म्हणाल्या. "उत्तर बरोबर, पायऱ्या लिहिलेल्या नाहीत. मी निम्मे गुण कापायचे." त्यांनी एक कोरं पान उलटलं. "बरीच मुलं होती."

त्यांनी वही मिटून परत दिली. "रविवारी या. तुमचीच खुर्ची. आणि ज्यांच्या वह्या कोऱ्या आहेत त्यांना सांगा, मी त्यांचंही ऐकणार आहे. वहीशिवाय."

काका वही हातात घेऊन उभे. मग म्हणाले, "बाई, तुमचे आभार कसे मानू? तुम्ही वही मागितली नसती तर मी वाद्य देऊन टाकायला गेलोच नसतो. आणि मग आक्काला विचारलंच नसतं. साठ वर्षं माझी आई मला कळली नव्हती हो. ती तुमच्यामुळे—"

"मी इथे आभार गोळा करायला बसलेली नाही," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. बराच वेळ पुसत होत्या. "अकराव्या ओळीत तुमचा गज घसरतो. उतरत्या सुरांना."

"कुठे?"

"तिसऱ्या मात्रेला."

काकांनी कानामागची पेन्सिल काढली, पान भिंतीला टेकवलं आणि तिथे एक खूण केली. बाई माझं नाव घेऊन मला बोलवत होत्या. काका अजून भिंतीपाशीच होते, डाव्या हाताची बोटं पानाच्या कडेवर हलत होती, त्याच उतरत्या सुरांवर, पुन्हा, पुन्हा. बाईंनी मला हातानंच थांबवलं. आम्ही दोघी त्यांचं होईपर्यंत थांबलो.